पुस्तकांचा आकाशपाळणा

जत्रेतला आकाशपाळणा तुम्ही पाहिलाच असेल. चाक फिरतं, वरचा पाळणा खाली येतो, खालचा वर जातो, पण आत बसलेली माणसं काही उलटी होत नाहीत. आता असाच एक पाळणा डोळ्यांसमोर आणा. लाकडी, आणि त्यात माणसांऐवजी पुस्तकं बसलेली! समोर खुर्ची टाकून बसायचं, हातानं चाक फिरवायचं, की हवं ते पुस्तक उघडलेलं तसंच्या तसं पुढ्यात हजर. जड पुस्तक उचलायला नको की जागेवरून उठायला नको.

ही काही परीकथेतली गंमत नाही बरं का. असं पुस्तकचक्र उत्तर जर्मनीतल्या वोल्फेनब्यूटेल या गावी आजही जपून ठेवलेलं आहे. साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी ज्याच्यासाठी ते फिरत होतं, तो होता ऑगस्ट नावाचा एक ड्यूक. (जर्मन लोक 'आउगुस्ट' म्हणतात, आपण आपला सोयीचा ऑगस्टच म्हणू या.) आणि त्या चक्रावर असायची त्याच्या ग्रंथालयाची यादी. हो, नुसती यादी! ती सहा जाडजूड खंडांची होती आणि तिची पानं भरली होती सात हजारांहून जास्त. त्यातली बरीचशी त्यानं स्वतःच्या हातानं लिहिली होती.

ड्यूक म्हणजे साधारण आपल्याकडच्या संस्थानिकासारखा. त्या काळी जर्मनी हा एक देश नव्हताच. तिथे लहानमोठी शेकडो राज्यं होती. एखाद्या घराण्यात चार मुलगे झाले की जमिनीचे चार तुकडे, त्यांच्या मुलांचे आणखी तुकडे, असं चालायचं. ऑगस्टचं घराणं होतं ब्राउनश्वाइग-ल्यूनेबुर्गचं. त्याचा जन्म १० एप्रिल १५७९ रोजी डानेनबेर्गला झाला. वडील हाइनरिश हे घराण्याच्या एका लहानशा फांदीचे मालक, आणि ऑगस्ट त्यांचं सातवं मूल. मोठा भाऊ गादीवर बसणार हे ठरलेलंच. मग सातव्या मुलानं करायचं काय?

त्यानं शिकायचं ठरवलं. रोस्टॉक, ट्यूबिंगेन आणि श्ट्रासबुर्ग या विद्यापीठांत तो शिकला. पुढे इटली, फ्रान्स, इंग्लंड असा भटकला. १६०३ साली लंडनमध्ये राजा पहिला जेम्स याचा राज्याभिषेक झाला, तेव्हा चोवीस वर्षांचा ऑगस्ट तिथे हजर होता. आणि पुढच्याच वर्षी, १६०४ मध्ये, भावानं त्याला वाटा दिला तो एल्ब नदीकाठचं हिट्साकर नावाचं चिमुकलं गाव. एवढं जग पाहून आलेल्या तरुणाला एवढंसं गाव! दुसरा कुणी असता तर हिरमुसला असता, नाहीतर सैन्यात नाव काढायला गेला असता. ऑगस्टनं मात्र तिथे तीस वर्षं काढली, आणि त्या तीस वर्षांत पुस्तकं जमवली.

दोन पुस्तकं तर त्यानं स्वतःच लिहिली. पण त्यांच्यावर आपलं नाव घातलं नाही. लेखक म्हणून छापलं 'गुस्ताव्हुस सेलेनुस'. हे कोण गृहस्थ? कोडंच आहे ते! 'ऑगस्टुस' मधली रोमन अक्षरं उलटीसुलटी मांडली की 'गुस्ताव्हुस' होतं, कारण लॅटिनमध्ये 'उ' आणि 'व्ह' एकाच अक्षरानं लिहीत. आणि ग्रीक भाषेत 'सेलेने' म्हणजे चंद्र, लॅटिनमध्ये 'लुना'. ल्यूनेबुर्ग म्हणजे लुनाचं, चंद्राचं गाव, असा त्यातला श्लेष. म्हणजे सेलेनुस हा ल्यूनेबुर्गचाच माणूस!

यातलं पहिलं पुस्तक होतं बुद्धिबळावर. ते १६१६ साली लाइप्झिगला छापलं गेलं. बुद्धिबळावरचं जर्मन भाषेतलं ते पहिलं मोठं पुस्तक. आपल्या देशातून इराणमार्गे युरोपात गेलेला हा खेळ तिथे कसा रुजला होता, ते त्यातून कळतं. श्ट्रोबेक नावाच्या एका खेड्याचा उल्लेख त्यात आहे. तिथले शेतकरीसुद्धा उत्तम बुद्धिबळ खेळत. याच श्ट्रोबेकच्या शाळेत १८२३ सालापासून बुद्धिबळ हा चक्क अभ्यासाचा विषय झाला. (आता हे वाक्य आईबाबांना वाचून दाखवायला हरकत नाही.)

दुसरं पुस्तक १६२४ सालचं, गुप्त लिपीवरचं. त्याचा मोठा आधार होता योहानेस ट्रिथेमिउस हा त्याच्याही शंभर वर्षं आधीचा मठाधिपती. या ट्रिथेमिउसची एक युक्ती आपण मराठीत करून पाहू. 'नयन' हा शब्द घ्या. पहिल्या अक्षराच्या जागी मुळाक्षरांतलं त्याच्या पुढचं एक अक्षर लिहा : न चा झाला प. दुसऱ्यासाठी दोन घरं पुढे जा : य, र, ल. तिसऱ्यासाठी तीन : न, प, फ, ब. तयार झालं 'पलब'. गंमत पाहा, मूळ शब्दात 'न' दोनदा आहे, पण गुप्त शब्दात एकदा तो 'प' आहे आणि एकदा 'ब'. म्हणून चोराला ते ओळखणं अवघड. पुढच्या अंकापर्यंत मित्राला अशी एक चिठ्ठी लिहून पाहा.

पण हा काही नुसता खेळ नव्हता. ते पुस्तक निघालं तेव्हा जर्मनीत आग लागलेली होती.

तीस वर्षांची लढाई

१६१८ साली सुरू झालेलं युद्ध १६४८ पर्यंत थांबलंच नाही. म्हणूनच त्याला 'तीस वर्षांचं युद्ध' म्हणतात. कॅथलिक विरुद्ध प्रोटेस्टंट असं ते सुरू झालं खरं, पण पुढे कोण कुणाच्या बाजूनं आणि कशासाठी लढतंय याचा मेळच राहिला नाही. सम्राटाची फौज, डेन्मार्कची फौज, स्वीडनची फौज. ज्या गावावरून जाईल तिथलं धान्य, जनावरं, सगळं फस्त. मागून रोगराई येई. गावंच्या गावं ओस पडली.

या युद्धात पुस्तकंही लुटली गेली. १६२२ मध्ये हायडेलबेर्ग शहर पडलं. तिथलं नामांकित ग्रंथालय विजेत्यांनी पोपला भेट देऊन टाकलं. हस्तलिखितं पेट्यांत भरून खेचरांच्या पाठीवरून आल्प्स पर्वतापलीकडे रोमला गेली. ओझं कमी व्हावं म्हणून पुष्कळ ग्रंथांची वेष्टणं आधी काढून टाकली होती! १६३१ मध्ये स्वीडनच्या राजानं व्युर्झबुर्गची पुस्तकं उचलली आणि उत्तरेला रवाना केली. हिट्साकर तसं आडबाजूचं गाव, तरी युद्धाची झळ तिथेही पोचायचीच. ऑगस्टला दोन्ही बाजूंना सांभाळून राहावं लागे.

मग १६३४ साली एक वेगळीच घटना घडली. वोल्फेनब्यूटेलचा ड्यूक फ्रीडरिश उलरिश मूलबाळ नसतानाच वारला. नातेवाइकांत वर्षभर वाटणीची भांडणं झाली, आणि १६३५ च्या अखेरीस ते राज्य आलं ऑगस्टच्या वाट्याला. वय वर्षं छप्पन्न! ज्याला कधी काही मिळायचं नव्हतं, तो सातवा मुलगा आता राजा झाला होता.

पण राज्य नावालाच. राजधानी वोल्फेनब्यूटेलमध्ये सम्राटाची फौज तळ ठोकून बसली होती. १६२७ मध्ये तिच्या सेनापतीनं ओकर नदीला बांध घालून पाणी शहरात सोडलं होतं आणि ते जिंकलं होतं. ती फौज काही हलेना. नव्या ड्यूकला स्वतःच्याच राजधानीत पाऊल टाकता येईना! तो जवळच्या ब्राउनश्वाइग शहरातल्या जुन्या किल्ल्यात राहिला. वाटाघाटी करत, पत्रं लिहीत, वाट पाहत. एक, दोन, तीन, अशी आठ वर्षं.

१६४३ च्या शरदात फौज एकदाची निघाली. त्या वर्षी ऑगस्टनं चांदीची नाणी पाडली, त्यांना 'घंटा-टालर' म्हणतात. सात नाण्यांची मालिकाच आहे ती, जणू चित्रकथा. एका नाण्यावर घंटा आहे, पण आतला लोळाच नाही. दुसऱ्यावर नुसताच लोळा, घंटेशिवाय. दोन्ही असून एकत्र येत नाहीत तोवर वाजणार काय? आणि शेवटी लॅटिनमध्ये कोरलंय : अखेर धीराचाच विजय. ज्यानं आठ वर्षं दाराबाहेर काढली होती, त्याला ते शोभून दिसतं.

घोडे खाली, पुस्तकं वर

१६४४ मध्ये कुटुंब वोल्फेनब्यूटेलला राहायला आलं. पुस्तकंही आली. त्या शहरात पूर्वी एक चांगलं ग्रंथालय होतं, ड्यूक युलिउसनं १५७२ मध्ये स्थापन केलेलं. पण ते १६१८ मध्येच हेल्मश्टेट विद्यापीठाला देऊन टाकलेलं होतं. म्हणजे ऑगस्टला सगळं नव्यानं मांडायचं होतं. त्यानं जागा निवडली राजवाड्यासमोरची पागेची इमारत. खाली घोडे, वर ग्रंथ!

पुस्तकं कुठून येत? ठिकठिकाणी ऑगस्टची माणसं नेमलेली होती. आउग्सबुर्गला फिलिप हाइनहोफर नावाचा हुशार व्यापारी होता, तो वर्षानुवर्षं त्याच्यासाठी शोधाशोध करी. त्या काळी पुस्तकं बहुधा बांधणी न करता, सुट्या छापील पानांच्या रूपात पिंपांत भरून पाठवत. वोल्फेनब्यूटेलला ती पांढुरक्या चामड्यात बांधली जात आणि मग त्यांच्या पाठीवर ड्यूक स्वतः शाईनं नाव लिही. राज्यकारभारातून वेळ काढून, म्हातारपणी, एकेका पुस्तकाच्या पाठीवर!

आणि ती ठेवायची कशी? त्यानं वीस गट पाडले. धर्मशास्त्र सगळ्यात मोठं, मग कायदा, इतिहास, युद्ध, वैद्यक, भूगोल, खगोल, संगीत, गणित, काव्य, व्याकरण वगैरे. एकोणिसाव्या गटाचं नाव होतं 'क्वोडलिबेटिका', म्हणजे कशातच न बसणारं सटरफटर! आपल्या घरात नाही का एक खण असतो, ज्यात सुतळी, जुन्या किल्ल्या, रबरबँड सगळं जातं, तसं. विसावा गट हस्तलिखितांचा. प्रत्येक पुस्तकाला गट आणि क्रमांक मिळायचा, आणि त्याची नोंद चक्रावरच्या यादीत व्हायची. ऑगस्टच्या पुस्तकांवर ते क्रमांक अजूनही तेच आहेत. आज एखादा संशोधक तिथे जाऊन चिठ्ठी भरतो, तेव्हा ड्यूकचाच गट लिहितो.

मला विचाराल तर ऑगस्टचा खरा पराक्रम हा आहे. पैसा असला की पुस्तकं विकत घेता येतात. पण तीनशे वर्षांनीही सापडतील अशी लावून ठेवणं, त्याला वेगळीच चिकाटी लागते.

१७ सप्टेंबर १६६६ रोजी, सत्त्याऐंशीव्या वर्षी तो वारला. तेव्हा ग्रंथालयात सुमारे ३५,००० खंड होते आणि त्यांत जवळजवळ १,३५,००० वेगवेगळी पुस्तकं-पुस्तिका. हा हिशेब कसा? आपण दिवाळी अंक एकत्र शिवून घेतो ना, तशा लहान पुस्तिका एकाच बांधणीत घातलेल्या होत्या. युरोपातल्या सर्वांत मोठ्या ग्रंथसंग्रहांत त्याची गणना होई. काही जण तर त्याला जगातलं आठवं आश्चर्य म्हणत.

घरातली मंडळी

ऑगस्टची तीन लग्नं झाली. पहिली बायको क्लारा मारिया हिची दोन्ही मुलं जन्मताच गेली, आणि १६२३ मध्ये तीही गेली. दुसरी डोरोथेआ. तिची चार मुलं जगली : रुडोल्फ ऑगस्ट, सिबिल उर्सुला, क्लारा ऑगस्टा आणि अंटोन उलरिश. १६३४ मध्ये डोरोथेआ वारली, तेव्हा धाकटा अंटोन उलरिश जेमतेम वर्षाचा होता.

पुढच्या वर्षी घरात नवी आई आली. सोफी एलिझाबेथ, वय एकवीस. नवरा छप्पन्न वर्षांचा आणि समोर चार सावत्र मुलं! गोष्टींतल्या सावत्र आया आपल्याला माहीत आहेत. ही तशी नव्हती. ती संगीतकार होती, गाणी रचायची, त्यांना चाली लावायची. हाइनरिश श्यूट्स हा त्या काळातला जर्मनीतला सगळ्यात थोर संगीतकार, तो तिला मार्गदर्शन करायचा. तिची स्वतःची मुलं म्हणजे फेर्डिनांड आल्ब्रेश्ट आणि मारी एलिझाबेथ. मुलांचे शिक्षक होते शोटेलिउस, जे पुढे जर्मन व्याकरणाचे मोठे पंडित म्हणून गाजले.

१६४२ मधली गोष्ट. राजधानी अजून शत्रूच्याच ताब्यात, पण सम्राटाशी तहाची बोलणी झाली होती. तेव्हा ब्राउनश्वाइगच्या किल्ल्यात एक नाटक झालं, 'शांतीचा विजय'. लिहिलं शोटेलिउसनी, संगीत सोफी एलिझाबेथचं, आणि कामं करणारे सगळे लहान मुलगे. पुढे नाटक छापलं तेव्हा पहिल्या पानावर तसं लिहिलंच आहे. युद्ध संपायला अजून सहा वर्षं होती. त्या मुलांतल्या एकानंही युद्ध नसलेला देश पाहिलेला नव्हता, आणि ती शांतीचं नाटक करत होती!

'लहान मुलगे'. म्हणजे सिबिल उर्सुलाला, तेव्हा ती तेरा वर्षांची होती, त्या रंगमंचावर जागा नव्हती. पण अभ्यासात तिला कुणी मागे ठेवलं नाही. ती लॅटिन शिकली, फ्रेंच शिकली. योहान व्हालेन्टिन आंद्रेए या विद्वान धर्मगुरूशी या घरातली सगळी मुलं लॅटिनमध्ये पत्रव्यवहार करत, त्यात तीही होती. फ्रेंच कादंबऱ्या तिनं जर्मनमध्ये आणल्या. पॅरिसच्या मादलेन द स्क्युदेरी या लेखिकेला ती पत्रं लिही. मग तिनं स्वतःच एक कादंबरी लिहायला घेतली. आरामेना नावाच्या राजकन्येची.

तिचं पुढे काय झालं ते सांगतोच, आधी भावांची हकिगत ऐका.

थोरला रुडोल्फ ऑगस्ट गादीवर बसला. शांत, विचारी माणूस. पहिली बायको वारल्यावर १६८१ मध्ये त्यानं एका न्हावी-वैद्याच्या मुलीशी लग्न केलं. त्या काळी न्हावीच जखमा बांधायचे, दात काढायचे. ड्यूकनं असं लग्न करणं म्हणजे केवढी खळबळ! पण त्यानं पर्वा केली नाही. १६८५ पासून त्यानं धाकट्या अंटोन उलरिशला राज्यकारभारात बरोबरीचा वाटा दिला.

या दोघा भावांनी १६९१ मध्ये ग्रंथालयावर एक माणूस नेमला. त्याचं नाव गॉटफ्रीड विल्हेल्म लाइबनिट्स. थोर गणिती! २ जानेवारी १६९७ रोजी त्यानं रुडोल्फ ऑगस्टला नववर्षाच्या शुभेच्छांचं पत्र लिहिलं आणि त्यात एक कल्पना समजावून सांगितली. सगळ्या संख्या फक्त ० आणि १ वापरून लिहिता येतात. एक म्हणजे १, दोन म्हणजे १०, तीन म्हणजे ११, चार म्हणजे १००. या कल्पनेचं पदक पाडावं असंही त्यानं सुचवलं. तुमच्या शाळेतला कॉम्प्युटर आज याच ० आणि १ वर चालतो. पत्र मात्र गेलं होतं एका पुस्तकवेड्या बापाच्या मुलाला.

धाकटा सावत्र भाऊ फेर्डिनांड आल्ब्रेश्ट हे वेगळंच प्रकरण. त्या काळी जर्मन भाषेच्या भल्यासाठी एक साहित्यमंडळ होतं, त्यात प्रत्येक सभासदाला टोपणनाव मिळे. ऑगस्टचं होतं 'मुक्त करणारा'. फेर्डिनांडचं 'विक्षिप्त'! आणि तो होताही तसा. वडिलांच्या मागे वाटणीवरून भावांशी भांडला आणि बेफेर्नच्या किल्ल्यात पुस्तकं, चित्रं, चमत्कारिक वस्तू घेऊन जाऊन बसला. पण काळाची गंमत पाहा. १७३५ मध्ये अंटोन उलरिशच्या वंशातला पुरुषवारस संपला आणि राज्य गेलं ते या विक्षिप्त फेर्डिनांडच्या मुलाकडे.

अंटोन उलरिश मात्र सगळ्यांत चमकला. चित्रं जमवली. ब्राउनश्वाइगचं मोठं कलासंग्रहालय आजही त्याच्या नावानं आहे. एक नात सम्राट सहाव्या चार्ल्सला दिली, तिचीच मुलगी ऑस्ट्रियाची मारिया थेरेझा. दुसरी नात रशियाच्या पीटर द ग्रेटची सून झाली. शिवाय तो कादंबरीकार म्हणूनही गाजला. १६६९ ते १६७३ या काळात त्याची पाच खंडांची कादंबरी निघाली. पुस्तकावर लेखकाचं नाव नव्हतं, पण ती कुणाची ते जाणकारांना ठाऊक होतं. कादंबरीचं नाव, 'आरामेना'.

हो, तीच आरामेना.

सिबिल उर्सुलाचं लग्न १६६३ मध्ये झालं, चौतिसाव्या वर्षी. ती दूर उत्तरेला ग्ल्युक्सबुर्गला गेली. तिथे ती फार आजारी पडली. मुलं झाली, पण जगली नाहीत. १६७१ च्या डिसेंबरात, बेचाळीस वर्षांची असताना, बाळंतपणात ती वारली. आरामेनाचे शेवटचे खंड तेव्हा छापून व्हायचे होते. अंटोन उलरिशनं ती गोष्ट वाढवली, फुलवली, त्याचे एके काळचे शिक्षक असलेल्या कवी बिर्केनकडून ती तपासून घेतली आणि पूर्ण केली. भावानं बहिणीचं काम चोरलं असं मी म्हणणार नाही. घरात सगळे एकमेकांचं वाचायचे, एकमेकांना लिहून द्यायचे. पण पुढची जवळजवळ तीनशे वर्षं जर्मन साहित्याच्या इतिहासात आरामेनाचा लेखक म्हणून एकच नाव राहिलं, भावाचं.

ग्रंथालयाचं काय झालं? अंटोन उलरिशच्या काळात त्यासाठी घुमटाची नवी इमारत बांधायला घेतली. १७७० ते १७८१ या काळात नाटककार लेसिंग तिथे ग्रंथपाल होता. १८८७ मध्ये ती इमारत पाडली, तिची जागा दुसरीनं घेतली. युद्धं आली, राजेशाही गेली, पण ऑगस्टची पुस्तकं विखुरली नाहीत. आता त्या ग्रंथालयाला त्याचंच नाव आहे, 'हेर्झोग आउगुस्ट बिब्लिओटेक'.

आणि विसाव्या शतकात अभ्यासकांनी या घराण्याची जुनी हस्तलिखितं पुन्हा बारकाईनं वाचली. १९६६ साली एका अमेरिकन संशोधकाचं पुस्तक आलं, तेव्हा सगळ्यांना कळलं. आरामेनाच्या सुरुवातीचा कच्चा खर्डा होता तो अंटोन उलरिशच्या अक्षरात नव्हता. तो होता सिबिल उर्सुलाच्या हातचा.